होडीवरची उडी

"इफ. गोल कंस उघड. पोर बाण वाय, मोठं किंवा बरोबर, होडी बाण वाय. गोल कंस बंद. महिरप उघड."

"उघडली."

"दोन उघडल्यात, टायपिस्टबाई. मी एकच सांगितली होती."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. खरंच दोन होत्या. निनाद माझ्या मागे चाकाच्या खुर्चीत, मान उशीला टेकवून बसला होता. तिथून त्याला पडदा तिरपाच दिसायचा, तरी माझी चूक माझ्याआधी त्याला दिसायची. मी एक महिरप पुसली, आणि तो पुढचं सांगू लागला.

मिरजेच्या घरातली ही आमची रोजची दुपार होती. निनाद माझा धाकटा भाऊ. त्याला स्नायूंचं दुखणं जन्मापासूनचं, पण आम्हाला ते कळलं तो चालायला लागल्यावर. आधी तो धावताना पडायचा, मग चालताना पडायला लागला, मग नुसता उभा असतानासुद्धा. शाळा संपेपर्यंत खुर्ची आली. त्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं मनासारखं हलत होतं. बोलणं शाबूत होतं, आणि जीभ तर फारच शाबूत होती.

हातात बळ होतं तेव्हाच त्याने कुणाचं तरी जुनं पुस्तक मिळवून सी भाषा शिकून घेतली होती. आम्हाला इंजिनिअरिंगला सी होती ती पेपरापुरती. पेपर झाला, सी गेली. त्याची मात्र तीच बोलीभाषा झाली. स्वतःच्या हाताने टाइप करणं थांबलं तेव्हा त्याने मला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मराठीच्या तासाला शिकलेले सगळे कंस आणि विराम आमच्या कामाला आले. ओळ संपली की अर्धविराम. कामाचा एक गठ्ठा बांधायचा तर महिरपीत. उडी मारणाऱ्या मुलाचं नाव त्याने 'पोर' ठेवलं होतं आणि त्याचा वेग, त्याची उंची विचारायची ती बाण लावून. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि म्हणायची, ही दोघं बोलतात मराठीच, पण कळत कसं नाही मला एक अक्षर.

आम्ही इंजिन बांधत होतो. खेळाच्या पोटात एक यंत्र असतं. चित्रं हलवायची, वस्तू खाली पाडायच्या, काय कशाला धडकलं ते ओळखायचं, ही सगळी कामं त्याची. अशी इंजिनं तयार मिळतात. ती आमच्या म्हाताऱ्या संगणकावर चालायची नाहीत, आणि त्यांच्यावर बेतलेल्या खेळांना दोन्ही हात लागायचे. मला वाटायचं, कारण एवढंच. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं, तर तो म्हणाला, "तयार इंजिनात पडायचं कसं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं, ताई. तो बाबा आयुष्यात किती वेळा पडलाय कुणास ठाऊक."

खेळ अगदी साधा होता. कृष्णेला पाणी आलंय, होड्या सुटून वाहत चालल्यात, आणि एका पोराला त्यांच्यावरून उड्या मारत पलीकडच्या काठाला जायचंय. बटण एकच. एका बोटाचं. केव्हा दाबायचं तेवढं ओळखायचं. लवकर दाबलं तर पोर होडीच्या अलीकडे पाण्यात, उशिरा दाबलं तर पलीकडे. पाणी झालं होतं, काठ झाला होता, पोर उभं राहायला शिकलं होतं. पहिली होडीही डुलत डुलत यायची. अडलं होतं ते उडीपाशी. पोर हवेत छान जायचं, होडीवर यायचं, आणि होडी नसल्यासारखं आरपार जाऊन तळाशी दिसेनासं व्हायचं.

याचं कारण निनादला ठाऊक होतं. संगणक सलग बघत नाही, चित्रामागून चित्र बघतो. एका चित्रात पोर होडीच्या वर असायचं, पुढच्या चित्रात खाली. मधे ते होडीला टेकलं होतं, पण त्या क्षणी कुणी पाहिलंच नव्हतं. तो क्षण हिशेबाने शोधून काढायचा, हे काम होतं. होडी स्वतः डुलत असल्यामुळे तो हिशेब रोज नव्या ठिकाणी फसायचा.

"सरळ आकडे ठोकून दे की," मी एकदा कंटाळून म्हटलं. "होडी कुठे असणार ते आपल्याला माहीत आहे. पोराला तिथं नेऊन ठेवायचं. कुणाला कळतंय?"

मी वळून पाहिलं.

"तसं केलं तर ते पोर उडी मारत नाही," तो म्हणाला. "आपण त्याला उचलून ठेवतो. मला उचलून ठेवण्यातलं सगळं कळतं, ताई. ते मला खेळात नको."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आज मी माझ्या लेकीला झोपेतून उचलते, तिची मान माझ्या खांद्यावर सैल पडते, आणि मला आईचे हात आठवतात. लेकरू रोज थोडं थोडं जड होत जातं, तसे आपले हातही तयार होत जातात. पण ते वाढायचं थांबत नाही, आणि एक दिवस वीस वर्षांचा मुलगा असाच उचलावा लागतो. आई त्याला उचलताना एक शब्द बोलायची नाही. तोही बोलायचा नाही. एरवी दोघांची तोंडं मिटायची नाहीत.

त्या उन्हाळ्यात मला पुण्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. मी रुजू व्हायची तारीख एकदा पुढे ढकलून घेतली होती, दुसऱ्यांदा ढकलता येणार नव्हती. बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्यांना न बोललेलंही कळायचं. त्यांनी एवढंच सांगितलं की तू ठरव. आईने तेही सांगितलं नाही. डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते, आता छाती जपा, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. ते वाक्य आम्ही चौघांनी ऐकलं होतं आणि चौघांनी न ऐकल्यासारखं केलं होतं.

मी ठरवून टाकलं की जायचं नाही. सांगितलं मात्र वेगळं. "उडी झाली की जाईन."

निनाद भडकला. त्याला भडकताना आवाज चढवता यायचा नाही, दम पुरायचा नाही, म्हणून तो हळू आणि तोडून तोडून बोलायचा. ते जास्त लागायचं. माझ्या इंजिनाचा आणि तुझ्या नोकरीचा संबंध काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, टाइप कोण करणार? तो म्हणाला, आई.

आई दारात कोथिंबीर निवडत होती. ती हसायलाच लागली. आईला इंग्रजी अक्षरं वाचता यायची, पण कळफलकावर शोधायची म्हणजे तांदळातला खडा शोधण्यापैकी. एकदा तिने स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं होतं, तेवढ्यात कुकरच्या सगळ्या शिट्ट्या होऊन गेल्या.

"मला नाही जमायचं ते तुमचं महिरप-बिहिरप," ती म्हणाली. "ताईच बरी."

"ताई चाललीये."

"उडी झाली की," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हे नक्की? उडी झाली की जाशील? मग पुन्हा पाय मागे घ्यायचा नाही."

"नक्की."

मला वाटलं, मी त्याला अडकवलं. उडी इतक्यात होणार नाही हे मला दिसत होतं.

त्यानंतर काही दिवस आम्ही खूप काम केलं. तो सांगायचा, मी टाइप करायची. दम लागला की डोळे मिटायचा आणि मी आपली अर्धविरामापाशी थांबून राहायची. कधी पोर होडीवर क्षणभर टेकायचं आणि मग आरपार जायचं. कधी होडीला चिकटून तिच्याबरोबर तिरपं व्हायचं आणि दोघं मिळून पडद्याबाहेर निघून जायची. तेव्हा निनाद हसायचा. हसलं की त्याला खोकला यायचा, म्हणून आई आतून ओरडायची की त्याला हसवू नको गं.

एका दुपारी मला सांगलीला कॉलेजात जावं लागलं, कागदपत्रांवर सही घ्यायला. साहेब जागेवर नव्हते, म्हणून दिवस तिकडेच गेला. घरी आले तर बाबा लवकर आलेले, टेबलावर पेढ्यांचा पुडा, आणि आई पदराला हात पुसत दारातच उभी.

"झाली गं उडी," आई म्हणाली. "आज मी टाइप केलं. विचार त्याला."

निनाद खुर्चीत नेहमीसारखाच बसला होता. त्याच्या बोटाखाली आम्ही बांधून दिलेलं बटण होतं. पडद्यावर पोर काठावर उभं होतं, होडी डुलत येत होती. त्याने बोट दाबलं. पोर उडालं, हवेत गोल वळण घेतलं, आणि होडीवर उतरलं. होडी त्याच्या भाराने खाली बसली, पुन्हा वर आली. पोर उभंच राहिलं.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. बाबा टाळ्या वाजवणारे नव्हेत. आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि सांगायला लागली की आज निनूने सोपंच सांगितलं सगळं, ते कंस आणि बाण नाहीत फारसे, जास्त करून आकडेच, आकडे काय कुणालाही येतात.

मी पेढा चावायची थांबले.

"ताई, तू दाब," निनाद म्हणाला.

मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि बटण माझ्या बोटाखाली घेतलं. होडी बरोबर जागी आली तेव्हा दाबलं. पोर होडीवर उतरलं. पुन्हा सुरू केलं. या खेपेला थोडं उशिरा दाबलं. पोर होडीवर उतरलं. तिसऱ्या खेपेला होडी पडद्याच्या पार कडेला होती, नुसतं टोक दिसत होतं, तेव्हाच दाबलं. एवढ्या लवकर दाबलं तर कुठलंही पोर पाण्यातच जाणार. आमचं पोर उडालं, हवेत जरासं लांबलं, आणि होडीवर जाऊन अलगद उभं राहिलं.

ती उडी नव्हती. कुणीतरी त्याला उचलून ठेवत होतं.

मी मान वळवली. निनाद पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती मी त्याच्या दुखण्याच्या इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. सुया टोचल्या तेव्हा नाही, खुर्ची घरात आली त्या दिवशीही नाही. मी काय बोलते याची तो वाट बघत होता.

मागे बाबा दुसऱ्यांदा टाळ्या वाजवत होते.

"भारी झालंय," मी म्हटलं.

"झालंय ना?"

"एकदम."

"मग आता जा," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

मी पुण्याला गेले. स्टँडवर बाबा आले होते. पिशवीत आईने इतकं काय काय भरलं होतं की कंडक्टर म्हणाला, बाई, संसार मांडायला चाललाय का. गाडी हलेपर्यंत मला वाटत होतं की उतरावं. मग कृष्णेचा पूल आला, आणि गेला.

पुण्यात काम जमलं. संध्याकाळी मी घरी फोन लावायची. आधी आई बोलायची, मग ती फोन निनादच्या कानाला धरायची. तो माझ्या साहेबांच्या नकला करायला सांगायचा. मी ज्यांच्याबरोबर काम करत होते त्यांची नावं त्याला पाठ झाली होती, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही हेही. खेळाचं तो काही बोलायचा नाही, मी विचारायची नाही. आम्हा दोघांनाही काय ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे की नाही, एवढंच मला कळत नव्हतं.

गणपती होऊन गेल्यावर एकदा आईचा फोन आला, तोही मी कामावर असताना. ती कधी असा अवेळी फोन करायची नाही. मी जिन्यात जाऊन फोन उचलला.

"अगं," आई दबक्या आवाजात म्हणाली, "तो बाण कुठल्या बटणावर असतो?"

"काय?"

"बाण गं. पोर बाण वेग. तो झोपलाय म्हणून तुला विचारते. सारखं सारखं त्याला विचारायचं तर त्याचा दम जातो."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. सांगितलं की बाणाचं एक बटण नसतं. आधी वजाचं चिन्ह काढायचं, मग त्याला चिकटून मोठ्याचं. मधे जागा सोडायची नाही. मोठ्याच्या वेळी शिफ्ट दाबून धरायचं. आईने दोनदा वदवून घेतलं.

"आणि महिरप?"

"तीही शिफ्ट दाबूनच. पी-च्या शेजारी."

"ती येते मला," आई म्हणाली. तिला जरा रागच आला होता, मी तेवढंही तिला येत नसेल असं धरल्याचा. "महिरपी रोजच्याच आहेत."

मी फोन ठेवला. म्हणजे ती दोघं पुन्हा बसत होती. आकडे काढून टाकून. आईच्या त्या एकेका बोटाने, एकेक अक्षर हुडकत. मी त्याच्यासाठी जी ओळ चहा निवायच्या आत संपवायची, तिला त्यांची सबंध दुपार जात असणार.

दिवाळीला मी घरी जाणार होते. त्याच्या आधी थंडी पडली आणि निनादची छाती भरली. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी 'ये' एवढंच म्हटलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. त्याने मला पाहिलं. मास्कच्या आत ओठ हलले, पण मशीनच्या आवाजात काही कळलं नाही. मी म्हटलं, बोलू नको, नंतर सांग. त्याने डोळ्यांनीच होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पुढचे दिवस घरात माणसं होती. माणसं होती तोवर आई ठीक होती. चहा करायची, सतरंज्या झटकायची, आलेल्या बायकांनाच धीर द्यायची. कुणीतरी म्हणालं, सुटला बिचारा. आई त्या बाईकडे बघत राहिली आणि मग तिला आणखी साखर हवी का विचारलं. खुर्ची बाबांनी मागच्या पडवीत नेऊन ठेवली. पुढच्या खोलीत एवढी जागा आहे हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं.

सगळं आटोपलं. मी निघायच्या आदल्या दुपारी आई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जरा संगणकापाशी चल. त्यानं तुला सांगायला सांगितलंय."

मला आधी कळलंच नाही.

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी काम संपलं आमचं," आई म्हणाली. "मी म्हटलं, बघू तरी चालवून. तर म्हणाला, नको. आपण कुणी चालवायचं नाही. ताई आली की तिला म्हणावं, तूच दाब. आणि लवकर दाब."

"लवकर?"

"होय. असंच म्हणाला. म्हणाला, त्या दिवशी दाबलं होतंस, तेवढंच लवकर. तिला कळेल."

मी संगणकापुढे बसले. म्हणजे त्याने पाहिलं होतं. मी होडी कडेला असताना बटण दाबलं ते त्याने पाहिलं होतं, आणि मी 'भारी झालंय' म्हणाले तेही ऐकलं होतं. फोनवर इतके महिने माझ्या साहेबांच्या नकला ऐकून हसत होता, तेव्हा त्याला हे सगळं ठाऊक होतं.

आईने संगणक सुरू केला. तिच्या बोटांना आता वाटा माहीत झाल्या होत्या. पाणी आलं, काठ आला, पोर काठावर येऊन उभं राहिलं. होडीचं टोक पडद्याच्या कडेला दिसलं.

मी बटण दाबलं.

पोर उडालं. हवेत गेलं, वळलं, आणि होडीच्या कितीतरी अलीकडे सरळ पाण्यात पडलं. पाणी फाकलं. होडी त्याच्या वरून डुलत निघून गेली.

आईने तोंडावर हात घेतला. "पडला," ती म्हणाली. मग माझा दंड धरला. "बिघडलं का गं? माझंच काहीतरी राहिलं असणार. मी त्याला म्हणत होते, सावकाश सांग, सावकाश सांग. अर्धविराम राहिला का कुठं? बघ ना गं."

"नाही, आई. काही राहिलं नाही."

"मग पडला कसा?"

"पडायलाच पाहिजे होता. लवकर दाबलं की पडायलाच पाहिजे. आधी पडत नव्हता, ते चुकीचं होतं."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "मी बसून त्याला पाडायचं शिकत होते?"

मी मान हलवली.

"मला बोलला नाही मेला," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, टेबलाच्या कडेला कपाळ टेकून, आवाज न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. पडद्यावर पोर पुन्हा काठावर येऊन उभं राहिलं होतं आणि वाट बघत होतं.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. विचारलं, "बरोबर दाबलं तर पोचेल का?"

"पोचायला पाहिजे."

"तू सरक."

मी उठले आणि चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरातून मला बटणाचा आवाज येत होता. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. आईने आयुष्यात कधी खेळ खेळला नव्हता. ती एकदा लवकर दाबत असणार, एकदा उशिरा. दरवेळी पोर पाण्यात जात असणार आणि ती काही न म्हणता पुन्हा होडीची वाट बघत असणार. चहाला उकळी आली, मी गाळला, तरी टक् टक् चालूच होतं. मग ते थांबलं.

मी कप घेऊन बाहेर आले. पोर होडीवर उभं होतं. होडी त्याच्या भाराने खाली बसत होती, वर येत होती, आणि पोर तोल सांभाळत तिच्याबरोबर खालीवर होत होतं. पुढे नुसतं पाणीच होतं. पुढच्या होड्या कुणी लिहिलेल्याच नव्हत्या.

आईने दोन्ही हात मांडीवर घेतले होते, चुकून धक्का लागू नये म्हणून.

"आता काय करू?" तिने हळूच विचारलं.

"काही नको करू," मी म्हटलं. "उभा राहू दे त्याला."